मे महिन्यात मुलं नेमकं काय विसरतात

जूनमध्ये शिकवणी पुन्हा सुरू होते तेव्हा पहिल्या दिवशी मी कुणालाच नवं पुस्तक काढायला सांगत नाही. फळ्यावर एक वजाबाकी लिहिते, 500 वजा 387, आणि वहीत सोडवायला लावते. मुलं नुकतीच पाचवीत गेलेली असतात. एप्रिलमध्ये याच मुलांनी असली गणितं झरझर सोडवलेली असतात. आता मात्र बऱ्याच वह्यांत उत्तर येतं 287.

हे 287 कुठून आलं ते नीट बघण्यासारखं आहे. एककाच्या घरात वर शून्य, खाली सात. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून शून्य वजा करतं आणि सात लिहून मोकळं होतं. दशकातही तसंच, आठातून शून्य गेलं, आठ. शतकात पाचातून तीन गेले, दोन. वर कोण, खाली कोण हे न बघता मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, एवढंच उरलेलं असतं. हातचा घ्यायचा, दशकात शून्य असेल तर शतकाचं दार ठोठवायचं, तिथून आणलेलं सुटं करायचं, ही मधली सगळी रीत गळून पडलेली असते.

मग मी त्याच मुलाला विचारते, "आईने पाचशेची नोट दिली, दुकानात 387 रुपये झाले. किती परत आणशील?" तो जरा वर बघतो. 387 ला तेरा मिळवले की चारशे, त्यावर शंभर. "एकशे तेरा, बाई." वहीत 287 आणि तोंडी 113, तेही एकाच मिनिटात, एकाच मुलाकडून.

बरीच वर्षं हेच बघत आल्यामुळे माझं मत पक्कं झालंय. सुट्टीत मुलाची समज कमी होत नाही. कागदावर पायरीपायरीने करायची कामं तेवढी हातातून सुटतात. सुट्टीत काय करून घ्यायचं हे ठरवताना एवढा फरक लक्षात ठेवला, तर पुष्कळ उगाचचा त्रास वाचतो, मुलांचा आणि आईबापांचाही.

मी कळव्यात राहते आणि घरीच तिसरी ते सातवीच्या मुलांना शिकवते. मराठी माध्यमाची मुलं मला बाई म्हणतात, इंग्रजी माध्यमाची टीचर. त्यांचे आईवडील बहुतेक लोकलने मुंबईकडे जाणारे, नाहीतर ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरने ऐरोली-घणसोलीला जाणारे. सकाळी सातला घर सोडायचं, रात्री आठला परत. एप्रिल संपत आला की ही माणसं दाराशी चपला न काढताच विचारतात, "सुट्टीत काय अभ्यास घ्यायचा?" घाईत असतात, त्यामुळे तिथे धड उत्तर देता येत नाही. ते इथे सविस्तर लिहिते.

या विसरण्यावर अमेरिकेत बराच अभ्यास झालाय. तिथली उन्हाळी सुट्टी अडीच-तीन महिन्यांची असते. 1996 मध्ये हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेल्या 39 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सुट्टीनंतरच्या चाचण्यांत मुलं सरासरीने महिनाभराच्या शिकण्याइतकी मागे पडलेली दिसली. हा आकडा अनेक ठिकाणी सांगितला जातो. किती घसरण होते यावर पुढच्या संशोधकांनी वादही घातलेत. मला महत्त्वाचा वाटला तो त्यातला तपशील. सगळ्यात जास्त घसरण आकडेमोडीत आणि स्पेलिंगमध्ये होती. वाचनात तर मध्यमवर्गीय घरातली मुलं थोडी पुढेच गेली होती आणि गरीब घरातली मागे पडली होती. हे वाचलं तेव्हा मला माझ्याकडच्या जूनमधल्या वह्या दिसायला लागल्या. आकडेमोड आणि शुद्धलेखन, नेमक्या याच दोन जागा.

त्याआधी कितीतरी वर्षं, 1885 मध्ये, हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून विसरण्यावर पुस्तक लिहिलं. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि काही काळाने किती उरली ते मोजायचं. त्याला दिसलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, नंतर मंदावतं. पण विसरलेलं पुन्हा पाठ करायला पहिल्या वेळेपेक्षा कमी वेळ लागतो, हेही त्यानेच दाखवलं. माझा अनुभवही तसाच आहे. 287 लिहिणारं मूल थोड्या सरावाने पुन्हा 113 लिहायला लागतं. पहिल्यांदा शिकताना लागले तितके दिवस लागत नाहीत. तेव्हा घाबरून जाण्यासारखं यात काही नाही. आपल्या राज्य मंडळाच्या शाळांची सुट्टीही मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, साधारण सहा आठवड्यांची. दिवसाला पंधरा-वीस मिनिटं एखादं लिहायचं काम हाताखालून गेलं, तर तेवढ्याने भागतं.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. बालभारतीच्या साइटवरून पुढच्या इयत्तेचं पुस्तक उतरवून घेतात आणि मे महिन्यातच पहिले तीन-चार धडे उरकून टाकतात. जूनमध्ये बाई तोच धडा शिकवत असताना हे मूल खिडकीबाहेर बघत बसतं आणि मागच्या वर्षीचा भागाकार कच्चा तो कच्चाच राहतो. सुट्टीत करायचंच असेल तर मागचं पक्कं करा. पुढचं शिकवायला शाळा आहे.

मागचं पक्कं करायला रोजच्या घरात काय काय सापडतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर जिन्याखाली सगळ्यांचे विजेचे मीटर आहेत. चौथी संपवलेल्या एका मुलाला मी मागच्या मेमध्ये काम दिलं होतं, दर रविवारी सकाळी आपल्या घराचा मीटर वाचायचा, आकडा वहीत लिहायचा आणि मागच्या रविवारचा त्यातून वजा करायचा. पहिला आकडा 14,387. पुढच्या रविवारी 14,462. म्हणजे दोनदा हातचा घेऊन 75. त्यापुढच्या रविवारी 14,503, आणि इथे दशकात शून्य आलं, जे मुलांना सगळ्यात जड जातं. शून्यातून सहा जात नाहीत, शतकाकडून एक आणला, दहातून सहा गेले, चार. उत्तर 41. उत्तर बघून तोच चक्रावला. एका आठवड्यात 75 आणि दुसऱ्यात 41 कसे? त्याला वाटलं गणित चुकलं, म्हणून त्याने बेरीज करून ताळा घेतला. ताळा जुळला. मग आईला विचारलं, तेव्हा आठवलं की त्या आठवड्यात ते डोंबिवलीला मामाकडे राहिले होते आणि घरातला एसी बंद होता. मग स्वतःहूनच 75 ला 7 ने भागून दिवसाला दहा युनिट आणि वर काही उरतात एवढं काढलं. ताळा घे म्हणून मी वर्षभर सांगत होते. उत्तर खरं आहे की नाही याची त्याला स्वतःला गरज पडली तेव्हा तो त्याने घेतला.

गणिताच्या छापील वहीत हे होत नाही. तिथे उत्तर मागच्या पानावर असतं.

आंब्याचंही तसंच. मे महिन्यात घरोघरी पेटी येते. पाच डझनाची पेटी 3,500 ला आणली, तर आंबा कितीला पडला? 3,500 भागिले 60, म्हणजे 58 रुपये 33 पैसे. दोन आंबे डागी निघाले, आता चांगला आंबा कितीला पडला? भागायचं 58 ने, आणि उत्तर 60 च्या पुढे जातं. खाणाऱ्याला हे गणित मनापासून करावंसं वाटतं. डझनाने घेत असाल तर आणखी सोपं आहे. 800 रुपये डझन, अडीच डझन घेतले, पाऊण डझन घेतले. आमच्या आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी सगळं पाठ होतं आणि बाजारात तिचा हिशेब दुकानदाराच्या आधी व्हायचा. आजच्या मुलांना ते सगळं पाठ करायला लावा असं मी म्हणत नाही. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि अडीच यांच्यात मुलाला फिरता आलं पाहिजे. पुढे अपूर्णांक आले की ही मुलं बिचकत नाहीत.

पाढ्यांबद्दल एकच सांगते. सरळ म्हणून झाले की उलटे म्हणवून घ्या. सत्तर, त्रेसष्ट, छप्पन्न, एकोणपन्नास. सात आठे छप्पन्न घोकलेल्या मुलाला छप्पन्नात सात किती वेळा हे विचारलं की तो पुन्हा बे पासून सुरू करतो, आणि भागाकार तिथेच अडतो. उलटे पाढे स्टेशनला चालत जाताना होतात, त्याला टेबल-खुर्ची लागत नाही.

सहावी-सातवीची मुलं मे महिन्यात क्रिकेटशिवाय दुसरं बोलत नाहीत. त्यांना मी धावगती काढायला देते. 18.3 षटकांत 185 धावा झाल्या, धावगती किती? मुलं 185 ला 18.3 ने भागायला लागतात. षटकांतला तो ठिपका दशांशचिन्ह नव्हे, तीन चेंडू म्हणजे अर्धं षटक, म्हणून 18.5 ने भागायचं, हे कळलं की बरोबर 10 येतात. दशांश अपूर्णांक म्हणजे काय, हे त्या एका ठिपक्यावरून जितकं डोक्यात बसतं तितकं धड्यातून बसलेलं मी पाहिलेलं नाही.

आता शुद्धलेखन. इथे मी किराणा मालाच्या यादीवर भिस्त ठेवते. महिन्याची यादी मुलाने लिहायची, मोठ्यांनी सांगायची. लिहून झाली की मी बघते. दुध, मिठ, गुळ, तुप, मुग, तुर, उडिद. सगळीकडे ऱ्हस्व. मी खोडत नाही, शेजारी बरोबर शब्द लिहून देते. दूध, मीठ, गूळ, तूप, मूग, तूर, उडीद. मग विचारते, यात सारखं काय दिसतंय? शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ, हा नियम मुलं स्वतः शोधतात. पुढच्या खेपेला वस्तूसोबत माप लिहायला सांगते. दुधाची पिशवी, मिठाचा पुडा, गुळाची ढेप, तुपाची बरणी, मुगाची डाळ, तुरीची डाळ. प्रत्यय लागला की तो दीर्घ लगेच ऱ्हस्व होतो. एका यादीत शुद्धलेखनाचे दोन नियम.

गेल्या वर्षी एक मुलगी यादीवर बोट ठेवून म्हणाली, "बाई, मग चिंच आणि हिंग का नाही दीर्घ? तेही अकारान्तच आहेत की." तिला अनुस्वार दाखवला. मराठी शब्दात अनुस्वार असलेली वेलांटी किंवा उकार ऱ्हस्वच लिहितात. मग ती घरभर तसले शब्द शोधत सुटली. भिंत, उंट, खुंटी. तिसरीतल्या मुलीने अपवाद पकडावा याचा मला इतका आनंद झाला की मी तिच्या आईला फोन करून सांगितलं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांकडून मी दोन याद्या करून घेते, एक मराठीत, एक इंग्रजीत. किमती समोर लिहून बेरीज करायची आणि दुकानदाराच्या बिलाशी ताडून बघायची हे दोघांनाही.

हाताला लिहायची सवय राहते हाही यात फायदा आहे. जूनमध्ये मुलं पाच ओळींत हात झटकायला लागतात, अक्षर ओळ सोडून वर जातं. पहिल्या घटक चाचणीत येत असूनही पेपर सुटतो तो यामुळे.

वाचनात मी फार हात घालत नाही. मुलाला हवं ते वाचू द्यावं, अभ्यास म्हणून वाचायला देऊ नये, एवढंच. पण पुस्तक घरात आलं तर वाचणार. कळव्याहून ठाणे एकच स्टेशन. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 मध्ये वि. ल. भाव्यांच्या पुढाकाराने सुरू झालं. एवढी जुनी संस्था स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि आपली मुलं मॉलचे मजले पाठ करतात, याचं मला वाईट वाटतं. मुलाला बरोबर न्या, कपाटासमोर उभं करा आणि निवडू द्या. चौथीतल्या मुलाने दुसरीतलं पुस्तक उचललं तर उचलू द्या. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. 1971 पासून निघतंय आणि जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात.

गावी जाणाऱ्या मुलांना मी काहीच देत नाही. कोकणात, घाटावर, जिथे जातील तिथे आजीआजोबांशी बोलून, विहिरीवर, काजूच्या झाडाखाली जी भाषा त्यांच्या कानावर पडते ती मला इथे बसून देता येणार नाही. फक्त एसटी स्टँडवरचं वेळापत्रक स्वतः वाचा, 14.30 म्हणजे किती वाजता आणि प्रवासाला किती तास लागणार ते तुम्हीच घरच्यांना सांगा, एवढं बजावते.

केंद्रीय मंडळाच्या शाळांचं थोडं वेगळं आहे. तिथे एप्रिलमध्येच नवं वर्ष सुरू होतं, काही आठवडे शिकवून मग सुट्टी लागते. म्हणजे नवं शिकलेलं धड मुरायच्या आत सुट्टी येते. या मुलांनी एप्रिलमधल्या वहीतलीच गणितं आठवड्यातून दोनदा, उत्तर झाकून, पुन्हा करावीत. प्रोजेक्टचे तक्ते रंगवण्यात जो वेळ जातो, त्यातला थोडा यासाठी काढावा.

मूल कुठवर आलंय ते पालकांना घरीच बघता येतं. 'प्रथम' संस्था 2005 पासून गावोगावी घरी जाऊन 'असर' ही पाहणी करते. त्यातली साधनं अगदी साधी असतात. दुसरीच्या पातळीचा एक उतारा वाचायचा, हातच्याची दोन अंकी वजाबाकी करायची, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं. सुट्टीच्या सुरुवातीला आणि शाळा उघडायच्या आधी एवढंच करून घेतलं तरी काय सुटलंय ते समजतं.

पण हे सगळं ज्यांना लिहिता-वाचता येतं त्यांचं झालं, असं एका आईने मला सुनावलं होतं. ती ऐरोलीला एका ऑफिसात हाउसकीपिंगचं काम करते, स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. मुलगा इंग्रजी माध्यमात. "टीचर, मला त्याची वही वाचता येत नाही. मी काय अभ्यास घेणार?" मी म्हटलं, "ताई, तुम्हाला उत्तर यायची गरजच नाही. रात्री भाजी निवडत बसाल तेव्हा त्याला समोर बसवा आणि म्हणा, हे कसं केलंस ते मला सांग. जिथे तो अडखळेल, गप्प होईल, किंवा 'ते तसंच असतं' म्हणेल, तिथे खूण करून ठेवा."

जूनमध्ये ती वही घेऊन आली. पानांच्या कडेला जागोजाग टिकल्या चिकटवल्या होत्या, कपाळाच्या, लाल आणि मरून. पेन हाताशी नव्हतं तेव्हा टिकल्यांचं पाकीट होतं. मी पानं उलटत गेले. बेरीज-वजाबाकीच्या पानांवर एकही टिकली नाही. गुणाकारावर एखाददुसरी. भागाकाराच्या पानांवर मात्र रांगच. आणि त्यातही 612 भागिले 6, 824 भागिले 8 अशांवरच. 612 ला 6 ने भागून त्याने 12 लिहिलं होतं. सहा एके सहा झालं, पुढचा 1 खाली घेतला, त्यात 6 जात नाहीत, म्हणून त्याने सरळ पुढचा 2 खाली घेतला. भागाकारात शून्य लिहायचं राहून गेलं. जिथे ते शून्य यायला हवं होतं, बरोबर तिथेच तो आईसमोर गप्प झाला होता, आणि जिला भागाकार येत नाही तिने ती जागा अचूक पकडली होती.

एरवी ही जागा सापडायला माझा अर्धा जून गेला असता. आम्ही थेट तिथून सुरुवात केली. एक खाली घेतला, सहा जात नाहीत, मग शून्य वेळा गेले, ते शून्य वर लिही. 612 चे 102 झाले, 824 चे 103. मग त्याला 5,035 भागिले 5 दिलं. दोन शून्यं लागोपाठ. त्याने 1,007 लिहिलं आणि घरी जाऊन आईला समजावून सांगितलं. त्या पानावर टिकली लागली नाही. आता त्याची धाकटी बहीण तिसरीत आहे, तिच्या वहीचं काम आईने याच मेपासून हाती घेतलंय.